कीबोर्डच्या चाकातली धूळ मला 43,649 रुपयांना पडली

आधी आकडे लिहिते. 4,999, मग 25,000, मग 13,650. एकूण 43,649 रुपये, कस्टमर केअरच्या नावाने फोन घेणाऱ्या भामट्याने नेलेले. बिघाड काय होता? माउसचा बाण उड्या मारत होता आणि आवाजाची पट्टी आपोआप वर-खाली होत होती. बास.

मी घरून दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते. 20 तारीख तोंडावर आलेली आणि एक्सेलमध्ये भलत्याच चौकोनात क्लिक पडतंय, अशा वेळी कुणीही करेल तेच मी केलं. कंपनीच्या नावाने कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. त्याच्यावर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं, तेवढं बघत जा. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: पलीकडच्या भामट्याने टाकायला लावलेलं स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) लाल खुणा, 'मॅडम, हॅकर अंदर बैठा है'. त्या लाल नोंदी धडधाकट मशीनवरही ढिगाने असतात. आत्ता स्वतःच्या मशीनवर उघडून बघा.

डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच. तो म्हणाला, 'अब कुछ टच मत करना, कीबोर्ड निकाल दो.' मी वायर उपटली आणि आवाजाची पट्टी जागच्या जागी थांबली. 34 वर. मी बघत होते! कीबोर्ड काढल्यावर दुखणं थांबलं, म्हणजे दुखणं कीबोर्डातच. पण मला विचार करायला सवड द्यायला तो काही खुळा नव्हता. 'देखा मॅडम, वायरस रुक गया.' लगेच तीन वर्षांचा सिक्युरिटी प्लॅन, 4,999.

मग 'फोन में भी गया होगा' म्हणून तेच अ‍ॅप फोनवर. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही, त्याने तो स्क्रीनवर वाचला. 25,000 गेल्याचा मेसेज येताच बँकेला फोन लावला. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा, मग संगीत. ते संगीत वाजत असतानाच 13,650 गेले. अशा वेळी आधी नेट बंद करा, फोन विमान मोडवर टाका आणि तक्रार दुसऱ्याच्या फोनवरून करा.

शाखेतलं उत्तर: 'ओटीपी तुमच्याकडूनच गेलाय, मॅडम.' रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात आहे की चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. अहो, पण कळवायला फोन तर उचला! मला ताटकळत ठेवलं, त्या वेळात गेलेले 13,650 कुणाच्या माथी?

पोलिसांची तर वेगळीच तऱ्हा. ठाण्यात म्हणाले, 'ताई, पैसे गेलेलं खातं परराज्यातलं आहे, सायबरला जा.' सायबरवाले म्हणाले, रक्कम छोटी आहे, तुमच्या हद्दीत जा. परत आले तर म्हणे आयटी अ‍ॅक्टचा (माहिती तंत्रज्ञान कायद्याचा) तपास पीआय, म्हणजे निरीक्षक साहेबच करतात आणि साहेब बंदोबस्ताला. कलम 78 मध्ये तपास निरीक्षकाने करायचा असं आहे खरं. पण तक्रार लिहून घ्यायला कुठला बंदोबस्त आडवा येतो? झिरो एफआयआरचं, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायच्या गुन्ह्याचं, नाव काढलं तर, 'ताई, तुम्ही वकील का?' 43,649 छोटी रक्कम वाटते त्यांनी एक महिना माझं घर चालवून दाखवावं.

तुम्ही मात्र पहिला फोन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तर अडवले. मेसेजमधला यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा.

बिघाड शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराने चहा निवायच्या आत शोधला. कीबोर्डवरच्या आवाजाच्या गोल चाकात धूळ होती. आणि वायरलेस माउसचा रिसीव्हर, तो यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा, मी निळ्या यूएसबी 3.0 पोर्टात, हार्ड डिस्कच्या वायरीला खेटून लावलेला. यूएसबी 3.0 चा रेडिओ गोंगाट 2.4 गीगाहर्ट्झवर येतो, वायरलेस माउसही तिथेच चालतो. हातभर एक्स्टेन्शन लावून रिसीव्हर लांब नेला, बाण सरळ झाला. तेव्हा आधी वायरी काढा, एकेक लावून बघा, नंबर कसले शोधताय!

विंडोज नव्याने टाकलं, सगळे पासवर्ड बदलले. बँकेला लेखी पत्र दिलं आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही. नुसतं तोंडी सांगून परत येऊ नका, नंतर सरळ कानावर हात ठेवतात.