परडी पॅकेज, बेळगाव ते यल्लम्मा डोंगर : जेवण झकास, पण खुशीला रेट कशाला?

इकडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचं पॅकेज घेतलं, नाव देत नाही. गाडी, नैवेद्य, परडी (म्हणजे देवीच्या नावाची टोपली, तीत नैवेद्य वाढायचा) भरायला बायका बोलवणं, सगळं त्याच्याकडं, आपण फक्त नेसून बसायचं.

गाडी चांगली. बेळगावातनं सौंदत्ती, म्हणजे यल्लम्मा डोंगराचं गाव, 70-80 किलोमीटर, ड्रायव्हर सावकाश चालवतो. सरकारी बसनं बायकांना फुकट आहे की, 2023 च्या जूनपासनं शक्ती योजना आहे, मग पॅकेज कशाला असं आमच्या वहिनी म्हणत होत्या, पण आमच्यात चंदगडची मावशी होती, तिचं आधार महाराष्ट्राचं, तिला कर्नाटकच्या बसला तिकीट काढावंच लागतंय, आणि पुनवेच्या आसपास त्या बसमध्ये शिरणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे.

जोगुळभावीच्या कुंडावर अंघोळी झाल्या, वर दर्शन झालं, मग डबे उघडले. होळगी (पुरणपोळी) मऊ, आंबील थंडगार, वांग्याची भाजी तर एक नंबर, भाकरी आणि कांद्याची पात, कशात काय कमी नाही. चवीला पैकीच्या पैकी मार्क. पण परडी भरायला बसल्यावर मावशी गप्पच. तिच्या घरी आदल्या रात्रीपासनं चूल पेटते, उपास धरून पुरण वाटायचं, काय चाखायचं नाही, आणि मग डोंगरावर ओळख ना पाळख अशा बाईच्या परडीत पहिला घास घालायचा, गरमच. तिला विचारलं काय झालं, तर म्हणाली, "ह्यात माझं काय गेलं रे?" खरंच की, पैसे माझे गेले, तेबी फोनवरनं.

म्हातारी माणसं असतील, गुडघे दुखत असतील तर पॅकेज घ्याच, देवी काय हिशेब घालत बसत नाही. हातपाय धड असतील तर मात्र शेगडी आणि पातेली घेऊन जावा, तिथं कितीतरी लोकं स्वतःच शिजवतात, शेजारच्या चुलीवाले मीठ मागतात, आपण आंबील देतो, अर्धी यात्रा तिथंच होते.

आता तक्रार. परतीला त्याचा माणूस म्हणतो, "खुशीनं 501 द्या, सगळे देत्यात." खुशीनं आणि 501, हे कसं जमतंय? शेजारच्या सीटवरची आजी 20 रुपये काढत होती तर हा नको म्हणाला! मी बोललो त्याला सगळ्यांसमोर, मग घेतले गुपचूप.

आणि एक, गाडीत कोणीतरी विषय काढला की पूर्वी लोक लेकरंसुद्धा देवीला वाहायचे, काय श्रद्धा होती म्हणून. श्रद्धा कसली डोंबलाची. स्वतःचा उपास सोसायचा की पोरीचं आयुष्य द्यायचं? त्या पोरीला कोणी विचारलं होतं? 1982 ला कर्नाटकात कायदा करून देवदासी सोडणं बंद केलं ते बरंच झालं. मावशीनं तर त्याला तिथंच झापला, पुढं सगळी गाडी शांत, त्यामुळं झोप चांगली लागली.

बुक करणार असाल तर मार्गशीर्षातली आणि माघातली भारत पुनव सोडून करा, "खुशी" धरून एकूण किती ते आधीच विचारा, आणि आंबील जादा सांगून ठेवा, आम्हाला पुरली नाही.