ब्रसेल्स स्प्राउट्स: एअर फ्रायर की लोखंडी तवा?

इंदुरी जिरावण (पोह्यांवर भुरभुरतात तो चटपटीत मसाला) या चिमुकल्या कोबीवर फार छान लागतं, पण गड्डे आधी कुरकुरीत व्हायला हवेत. २५० ग्रॅम गड्डे धुऊन अगदी कोरडे पुसा आणि उभे अर्धे कापा. ओल राहिली की भाजण्याऐवजी ते वाफवले जातात, भांडं कुठलंही असो.

एअर फ्रायरला १ मोठा चमचा तेल पुरतं. तेल-मीठ चोळून १९० अंशांवर १२ ते १५ मिनिटं ठेवा, मध्येच एकदा बास्केट हलवा. थर एकच हवा. ढीग केला तर हवा फिरत नाही आणि मधले गड्डे फिकट, लिबलिबीत राहतात. सुटी पानं लवकर जळून कडू होतात, म्हणून ती शेवटच्या ३ मिनिटांत टाका.

तव्यावर तेल दुप्पट. कापलेली बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर ५ मिनिटं अजिबात हलवू नका, मग २ चमचे पाणी शिंपडून ३-४ मिनिटं झाकण. गाभा छान मऊ होतो, कुरकुरीतपणा मात्र एकाच अंगाला. मोठ्या, जून गड्ड्यांना तवाच बरा; लहान, घट्ट असतील तर निःशंक एअर फ्रायर.

लिंबू तव्यात पिळू नका, लोखंडाची चव उतरते. जिरावण ताटलीत काढल्यावरच भुरभुरवा.