पुण्याहून तळकोकणात: जेवणासाठी कोल्हापूरचा रस्ता की महाडचा?

पुण्याहून सावंतवाडी, कुडाळ किंवा पुढे गोव्याला गाडीने निघायचं ठरलं की पहिला प्रश्न रस्त्याचा. एक रस्ता सातारा, कराड, कोल्हापूर करत निपाणीला जातो आणि आजरा-आंबोलीवरून खाली उतरतो. दुसरा ताम्हिणी उतरून माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागतो आणि महाड, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली असा खाली जातो. किती वेळ लागेल, टोल किती, रस्ता कुठे खराब आहे हे सगळे बघतात. जेवण मात्र ‘वाटेत मिळेल काहीतरी’वर सोडून देतात. माझं गाव कुडाळकडे. दोन्ही रस्त्यांनी वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात आणि त्या फेऱ्यांमधून एक गोष्ट पक्की कळली आहे: दोन्हीकडे चांगलं जेवण आहे, पण ते शोधायची रीत दोन्हीकडे वेगळी आहे. घाटावर महामार्ग सोडून गावात शिरावं लागतं. कोकणात आधी फोन करून सांगून ठेवावं लागतं. यातलं तुम्हाला काय जमणार आहे, त्यावर रस्ता ठरवा.

कोल्हापूरचा रस्ता

या रस्त्याची मोठी सोय म्हणजे आयत्या वेळी पोचलात तरी उपाशी राहत नाही. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, आणि या पट्ट्यात हॉटेलांची रांग कुठे तुटतच नाही. अडचणही तीच आहे. सगळ्यांची पाटी सारखी, ‘चुलीवरचं मटण’, ‘घरगुती चव’, ‘अस्सल गावरान’. आत गेलात तर पंजाबी, चायनीज आणि शेवटच्या पानावर ‘कोल्हापुरी स्पेशल’.

चुलीची पाटी दिसली की मी आधी गाडी लावताना हॉटेलच्या मागच्या बाजूला नजर टाकते. रोज चूल पेटते तिथे सरपण रचलेलं असतं, भिंत काळी पडलेली असते, राखेचा ढीग असतो. मागे नुसते गॅसचे सिलिंडर दिसले तर मी तशीच पुढे निघते. यात दोन मिनिटं जातात, पण पुढचा तासाभराचा मनस्ताप वाचतो.

‘ट्रकवाले थांबतात तिथे जेवावं’ हा जुना सल्ला या रस्त्यावर फारसा चालत नाही. इथले बरेचसे ट्रक लांब पल्ल्याचे, चालक बाहेरच्या राज्यांतले. त्यांना ऐसपैस जागा, आंघोळीला पाणी, खाट आणि दाल-रोटी लागते. तिथे डाळ तडका चांगला मिळेल, मटणाचं ताट मिळेलच असं नाही. लक्झरी बस थांबतात ते हॉटेल तर त्याहून बेभरवशाचं. गाडी आणली म्हणून तिथे चालकाचं जेवण फुकट असतं, त्यामुळे गाड्यांच्या गर्दीवरून चवीचा अंदाज लागत नाही.

मग विचारायचं कुणाला? पंक्चरवाल्याला. तो दिवसभर रस्त्यावर असतो, दुपारी जवळपासच जेवतो आणि त्याला कुणाचं कमिशन नसतं. मात्र ‘इथे चांगलं हॉटेल कुठे आहे?’ असं विचारू नका. चांगलं हॉटेल म्हटलं की तो तुमच्या गाडीकडे, बायकापोरांकडे बघतो आणि एसी फॅमिली रेस्टॉरंटचा पत्ता देतो. ‘मटण-भाकरी कुठे खाल्ली होतीत शेवटची?’ असं विचारा. उत्तर एकदम बदलतं.

कराडच्या पुढे, पेठ नाका-इस्लामपूरच्या (आताचं ईश्वरपूर) टापूत ढाब्यावर थांबायचंच असेल तर अख्खा मसूर मागवा. शाकाहारी माणसासाठी या रस्त्यावर याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. घट्ट, तिखट, वर कांदा, सोबत गरम रोटी. हा पदार्थ याच भागातल्या ढाब्यांवर वाढलेला आहे आणि इथला साधा ढाबाही तो मन लावून करतो. पनीर पुण्यातही मिळतं.

पण या रस्त्याचं खरं जेवण कोल्हापूर शहरात आहे, आणि त्यासाठी महामार्ग सोडून आत जावंच लागतं. वाहतूक लक्षात घेता जाऊन-येऊन तास-दीड तास मोडतो. तो मोडावा असं माझं ठाम मत आहे.

सकाळी पोचलात तर मिसळ. उद्यमनगरातली फडतरे यांची मिसळ किंवा बावडा मिसळ, दोन्हीकडे रांग असते आणि दोन्हीकडे ती पुढे सरकते. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. त्याला नाक मुरडू नका, पातळ कट शोषून घ्यायला स्लाइसच बरा. ‘कट’ म्हणजे वरून वाढायचा तिखट रस्सा. तिखट झेपत नसेल तर आधीच ‘कट वेगळा द्या’ म्हणा, कुणी वाईट मानत नाही. मिसळ ही सकाळची गोष्ट आहे. दुपार टळल्यावर जाऊन हिरमुसलेले पाहुणे मी पाहिले आहेत.

दुपारी पोचलात तर ताट. मटण खानावळीत तांबडा-पांढरा मागवल्यावर आधी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावा. चांगला पांढरा रस्सा पातळ असतो, पिता येतो. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस किंवा काजू आणि अख्खा गरम मसाला, एवढ्यावर तो उभा असतो. चमच्याला चिकटणारा, पिठूळ लागणारा रस्सा आला तर तो कॉर्नफ्लॉवरने दाट केलेला आहे हे समजून जा. तांबड्यात कांदा-लसूण चटणीचा वास आधी यावा, तिखट मागून. माझ्या सासऱ्यांना तिखट वर्ज्य आहे, पण ते पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून पोटभर जेवतात. वाढणारा त्यांना ‘अजून घ्या की पाहुणं’ म्हणत तिसऱ्यांदा वाटी भरतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी तो दीड तास दर वेळी आनंदाने मोडते.

कोल्हापूरनंतर निपाणी सोडून आजऱ्याकडे वळलात की जेवणाच्या जागा विरळ होतात. आजऱ्यात घनसाळ तांदूळ विकत घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला, घमघमणारा तांदूळ आहे. आंबोलीत चहा, भजी, पावसात भाजलेलं कणीस. जेवणासाठी आंबोलीची आशा धरू नका, सरळ खाली सावंतवाडी गाठा.

महाडचा रस्ता

इथे उलटं आहे. कोकणात चांगलं जेवण महामार्गावर दिसत नाही, कारण ते बहुतेक कुणाच्या तरी घरात शिजत असतं. चौपदरीकरणात रस्त्याकडेच्या कितीतरी जुन्या टपऱ्या आणि खानावळी उठल्या. कणकवलीत तर तुम्ही उड्डाणपुलावरून गाव ओलांडून जाता, खाली काय आहे ते कळतही नाही. कशेडी घाटात बोगदा झाला, प्रवास सुखाचा झाला, पण घाटातला चहाचा थांबा वाटेतून गेला. नव्या रस्त्यावर उभी राहिलेली मोठी हॉटेलं पार्किंग आणि स्वच्छतागृहासाठी चांगली आहेत. बायका-मुली आणि म्हातारी माणसं बरोबर असताना ही सोय लहान नाही, मी ती हक्काने वापरते. जेवायला मात्र तिथे बसत नाही.

एकदा बसले होते. नकाशावर साडेचार तारे आणि हजारावर अभिप्राय असलेली जागा होती. ‘मालवणी थाळी’ मागवली. सुरमईच्या तुकडीला वास नव्हता, चवही नव्हती, आणि सोलकढी गुलाबी सरबतासारखी चकचकीत. मुलगा म्हणाला, ‘आई, ही आजीच्या सारखी नाही.’ बरोबर होतं त्याचं. आगळ (म्हणजे कोकमाचा रस) आणि नारळाच्या दुधाची सोलकढी फिकट जांभळट-गुलाबी असते. थोडा वेळ ठेवली की नारळाचं दूध वर येतं आणि पुन्हा ढवळावी लागते. भडक रंगाची आणि तासभर एकसारखी राहणारी सोलकढी बहुधा रंगाची असते.

त्या दिवशी घरी जाऊन मी ते अभिप्राय पुन्हा वाचले. बहुतेक लोकांनी लिहिलं होतं ‘स्वच्छ’, ‘पार्किंग भरपूर’, ‘सर्व्हिस फास्ट’. माशाचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी तारे मोजत नाही, अभिप्रायात पदार्थाचं नाव शोधते. ‘तिसऱ्यांचं सुकं घेतलं’, ‘बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ होतं’ असं लिहिणारे चाळीसच लोक असले तरी पुरतात. शोधतानाही ‘रेस्टॉरंट’ न लिहिता मराठीत ‘खानावळ’ किंवा ‘घरगुती जेवण’ लिहा, वेगळीच यादी समोर येते. आणि फोटो बघाल ते मालकाने टाकलेले नको, गिऱ्हाइकांनी टाकलेले आणि अलीकडचे बघा.

खानावळ सापडली की फोन. आदल्या संध्याकाळी करा, निदान सकाळी नऊच्या आत. कुडाळच्या अलीकडे एका ताईंकडे आम्ही नेहमी जेवतो. त्या फोनवर पहिल्यांदा विचारतात, ‘तुमी किती जणां येतलात?’ आणि मग, ‘बाजारात काय मिळता ता बघून सांगतंय.’ या दुसऱ्या वाक्यावरून खानावळ ओळखावी. ‘सगळं आहे, या’ असं म्हणणाऱ्याकडे मासा बहुधा बर्फातला असतो.

त्यांच्याकडे पोचलो की आधी पाण्याचे तांबे येतात, आणि आम्ही हात धुऊन बसेपर्यंत त्या वडे सोडत नाहीत. तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी यांचं जाडसर पीठ, केळीच्या पानावर थापलेला वडा, कढईत पडला की क्षणभर तळाशी जातो आणि टम्म फुगून वर येतो. ताटात येतो तेव्हा बोटाने फोडला तर आतून वाफ निघते. सागोतीचं, म्हणजे वड्यांबरोबरच्या मालवणी मटण-कोंबडीचं, वाटण त्यांनी सकाळी भाजून वाटलेलं असतं. हे सगळं रस्त्यावरून अचानक वळून आलेल्या माणसासाठी होऊच शकत नाही. सांगून ठेवणं हा कोकणातल्या जेवणाचा पहिला नियमच आहे.

फोनवर दरही विचारून घ्या. माशाच्या ताटाचा भाव त्या दिवशीच्या माशावर ठरतो, पापलेट-सुरमई आणि बांगडा-मोरी यांत बरंच अंतर असतं. खरं सांगायचं तर ताजा बांगडा मिळत असेल तर सुरमईच्या मागे लागू नका.

शाकाहारी असाल तर कोकणात काय खाणार, असं लोक विचारतात. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी, डाळिंबी उसळ, फणसाची भाजी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओल्या काजूगरांची उसळ. यातलं काहीच मोठ्या हॉटेलच्या मेन्यूकार्डावर नसतं, म्हणून पुन्हा फोन. मुलांसाठी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, तिखटाचा प्रश्नच नाही. कुठे शिरवाळे करून देत असतील तर सोडू नका. तांदळाच्या शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या, माझ्या मुलाने त्यासाठी आइस्क्रीम बाजूला ठेवलेलं आहे.

सावंतवाडीत भालेकर खानावळ सगळ्यांना माहीत आहे आणि तिथे न सांगता गेलं तरी चालतं. गर्दीच्या दिवसांत थांबावं लागतं, एवढंच.

कधी कुठला?

जून आणि जुलैमध्ये मी कोल्हापूरवरून जाते. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. खाडीचा मासा, सुकट, सोडे मिळतात, आणि सुक्या बांगड्याची किसमूर पावसात स्वर्ग आहे, पण ताज्या समुद्री माशासाठी हे दिवस नाहीत. ताम्हिणीत दरडीची भीती असते ती वेगळीच. श्रावणात तर मासळी खाणारी गिऱ्हाइकंच कमी होतात. गणपतीत कोकणचा रस्ता वाहनांनी भरलेला आणि घरगुती खानावळी चालवणारे स्वतः गणपतीच्या गडबडीत, त्यामुळे डबा बरोबर घ्या.

ऑक्टोबर ते मे मात्र कोकण. फक्त वार बघा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी या दिवशी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत आणि बाजारही थंड असतो. बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी दुपार चिपळूणच्या खाली गाठता आली तर उत्तम.

निघायला उशीर झाला, किती वाजता कुठे पोचू सांगता येत नाही, बरोबर आठ-दहा माणसं आणि प्रत्येकाची आवड वेगळी, अशा वेळी दुसरा विचार न करता कोल्हापूर. दोघं-चौघं आहात, वेळ पाळता येते, मासे जिवापाड आवडतात, तर महाड. कोकणातल्या खानावळी अडीच-तीनच्या सुमाराला चूल आवरतात. बाराला सांगून साडेतीनला पोचणं म्हणजे त्या बाईचे वडे आणि तिची दुपार, दोन्ही वाया घालवणं. वाटेत उशीर होतोय असं दिसलं तर लगेच फोन करून कळवा.

जाणं आणि येणं दोन्ही गाडीनेच असेल तर मी एकच रस्ता दोनदा घेत नाही. जाताना पहाटे साडेपाचला निघून कोल्हापुरात दहाच्या आत मिसळ, आणि सावंतवाडीत अडीचच्या आत बांगड्याचं ताट, हे वेळेत बसतं. येताना महाडच्या रस्त्याने, सकाळी घरच्या आंबोळ्या खाऊन, दुपारच्या जेवणाला चिपळूणच्या आसपास सांगून ठेवलेलं. गाडीत मालवणी खाजा, आगळाच्या दोन बाटल्या आणि आजऱ्याहून जाताना घेतलेला घनसाळ. बाटल्यांची बुचं प्लास्टिकने घट्ट बांधा आणि त्या उभ्याच ठेवा. आगळाचा डाग सीटवरून निघत नाही.