के-१ की लग्नाचा व्हिसा: मनिलाहून अमेरिकेला जाताना स्पॉन्सरशिपचे कागद

फिलिपिनो वाग्दत्त वधूला के-१ व्हिसावर अमेरिकेत न्यायचं तर तिच्या खर्चाची हमी देणारा आय-१३४ फॉर्म. लग्न आधीच उरकलं असेल तर त्याच हमीचा आय-८६४.

पहिला सुटसुटीत. हमी देणाऱ्याचं उत्पन्न अमेरिकी सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १०० टक्के दाखवलं की साधारण भागतं. टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या कराचा सरकारी उतारा), नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा घेऊन तिने मनिलाच्या वकिलातीत मुलाखतीला जायचं. पण लग्नानंतर ग्रीन कार्डाचा अर्ज केला की आय-८६४ भरावाच लागतो, तोही १२५ टक्क्यांच्या हिशोबाने. आज जेमतेम बसणारा पगार तेव्हा तोकडा पडतो.

आय-८६४ची खरी मेख वेगळीच: तो कायदेशीर करार आहे. घटस्फोट झाला तरी जबाबदारी सुटत नाही. साधारणपणे बायको अमेरिकेची नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत राहते. उत्पन्न कमी असेल तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे हमी देणारा दुसरा माणूस, चालतो, पण मित्राकडे सही मागताना हे त्याला आधी सांगा! लग्नाच्या व्हिसात कागद मुलाखतीआधीच ऑनलाइन चढवायचे असतात, त्यामुळे त्रुटी वेळेत कळते.

पगार काठावर असेल तर मी लग्नाचीच वाट धरेन. सीएफओचं (परदेशी जाणाऱ्या फिलिपिनोंसाठीचं फिलिपिन्सचं सरकारी कार्यालय) समुपदेशन प्रमाणपत्र मात्र दोन्हीकडे लागतं, नाहीतर व्हिसा हातात असूनही विमानतळावर अडवतात.