शिडाच्या बोटीवरचा संसार : दसरा ते मे, मुंबई बंदरात

बोट जुनी, फायबरची, ३४ फुटी. माणसं चार : मी, नवरा, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. दसरा झाल्यावर मुक्काम गेटवेसमोरच्या मूरिंगवर, म्हणजे पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी, हलवला आणि मेमध्ये, पावसाच्या आधी, बोट वर काढून दादरला परतलो. सगळे पहिल्यांदा जागेचंच विचारतात. जागा पुरते. संसार अडतो तो पाण्यापाशी आणि किनाऱ्याला जायच्या वाटेपाशी.

टाकी ३०० लिटरची. समुद्राच्या पाण्याने भांडी विसळा, असा सल्ला बोटीवर राहणारे सर्रास देतात. उघड्या समुद्रात ते चालतं, आपल्या बंदरात नाही. इथे गाळ आहे, तेलाचा तवंग आहे, शहराचं सांडपाणी आहे. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्रही याच कारणाने इथे घेऊ नये. गाळाने त्याचे फिल्टर तुंबतात आणि तेल लागलं तर आतला मेम्ब्रेन, म्हणजे मीठ गाळणारा पडदा, कामातून जातो. म्हणजे अंघोळीपासून आमटीपर्यंत प्रत्येक थेंब कॅनमधून, डिंगीने, म्हणजे किनाऱ्याला ये-जा करायच्या छोट्या होडीने, आणायचा. अंघोळ तांब्यांवर मोजून. मुलांनी हे माझ्यापेक्षा लवकर अंगवळणी पाडलं.

किनाऱ्याची वाट भरती-ओहोटीच्या हातात. माझ्या सासूबाईंचं माहेर अलिबागकडचं. पहिल्याच मुक्कामात त्यांनी नातवंडांना हिशेब शिकवला : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून बघितलं, थोडं मागेपुढे होतं, पण रोजच्या कामाला पुरतं. पुढचं मुलीने स्वतः काढलं : पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नेमकी सकाळी सहाला, शाळेच्या वेळेला. आणि उधाणाची ओहोटी असल्यामुळे पाणी पार खाली गेलेलं, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या. त्या दिवसांत आम्ही अर्धा तास आधी निघायचो, दप्तरं कोरड्या पिशवीत, बूट हातात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, सकाळीच भरती, चढणं-उतरणं सोपं. कालनिर्णय समुद्राचे नकाशे पसरायच्या टेबलाच्या वरच टांगलेलं असायचं.

वीज मात्र छान निभावली. ४०० वॅटचे सोलर पॅनल आणि २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी यांवर छोटा फ्रिज, पंखे, दिवे आणि नवऱ्याचा लॅपटॉप चालला. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे येतात, त्यांची विष्ठा आणि शहराची काजळी पॅनलवर साचते. एक दिवसाआड पुसा.

गॅसबद्दल कळकळीने सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साठून राहतो, घरातल्यासारखा दारावाटे बाहेर काढता येत नाही. सिलिंडर डेकवरच्या वेगळ्या कप्प्यात, ज्याचं भोक बाहेर समुद्राकडे उघडतं, आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर व्हॉल्व्ह बंद. लाइफ जॅकेटचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाच्या वाटेवर नीलकमल बोटीचा अपघात झाला तो याच पाण्यात. डिंगीत पाय टाकण्याआधी जॅकेट, पाहुण्यांनाही सूट नाही.

त्रास? लाँचच्या लाटांनी दिवसभर हेलकावे, एप्रिलपासून केबिनमध्ये उकाडा, बुडाला इतकं शेवाळ की बोट जड चालते.

आता ज्यासाठी हे सगळं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मतलई वाऱ्यावर हळूहळू बाहेर पडायचं, दुपारी वायव्येचा वारा भरला की शिडं ताणून अलिबागजवळच्या खांदेरीच्या बाजूला. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी या बेटावर तटबंदी उभारली आणि इंग्रज-सिद्दींना दाद दिली नाही. परतताना वाऱ्याविरुद्ध नागमोडी येत असताना, सुकाणू धरलेल्या मुलाने विचारलं, "आई, ते मोठ्या जहाजांना कसे पुरले गं?" उथळ पाणी, छोटी चपळ गलबतं, वल्ही : उत्तर त्यानेच शोधलं, कारण वारा पडला की जड बोट कशी जागीच खिळते ते त्याने पाहिलं होतं. भांडणं बोटीवरही होतात, पण दार आपटून जायला खोली नसते, म्हणून संध्याकाळपर्यंत मिटतात. इतकं बोलणारं आमचं घर मी आधी पाहिलं नव्हतं.

पोहता येणारी मुलं आणि घरून काम करणारा निदान एक मोठा माणूस असेल तर जरूर करा. तान्हं बाळ किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा कायमचे सोबत राहणार असतील तर नको, त्या पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीत. बोट बघायला गेलात तर बिछाने नंतर मोजा, आधी टाकीचे लिटर विचारा. आम्ही पुढच्या दसऱ्याआधी दुसरी १५० लिटरची टाकी बसवतोय आणि चार माणसं, दप्तरं नि कॅन एका खेपेत नेईल अशी मोठी डिंगी घेतोय.