स्टिकर आठव्या पिढीचा, आतला प्रोसेसर सहाव्या पिढीचा: लॅपटॉप घेताना झालेली फसवणूक

रिफर्बिश्ड, म्हणजे जुने दुरुस्त करून विकलेल्या, लॅपटॉपच्या धंद्यात 'आय-सेव्हन' या नावावर जेवढी फसवणूक चालते तेवढी दुसऱ्या कशावरही चालत नसेल. इंटेल कंपनीने 2008 पासून कित्येक वर्षं आय-सेव्हन नावाचे प्रोसेसर काढले. त्यामुळे नुसतं 'आय-सेव्हन आहे' म्हटल्याने काहीही कळत नाही. तो कुठल्या पिढीचा, हे पुढच्या आकड्यात असतं, आणि नेमका तोच आकडा विक्रेते सांगत नाहीत.

आमची गरज साधी होती. घरच्यांनी एकत्र बसून सिनेमे बघायचे, मुलांनी गेम खेळायचे आणि खर्च आवाक्यात राहायला हवा. जाहिरात होती: आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, 8 जीबी ग्राफिक्स, विंडोज 11. मी विक्रेत्याला सरळ विचारलं, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) वेगळं आहे का? "हो ताई, वेगळं आहे, आठ जीबीचं. दाखवतो ना." त्याने डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडल्या आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. टोटल अव्हेलेबल ग्राफिक्स मेमरी, आठ हजार एमबीच्या वर. मी वाचेपर्यंत खिडकी बंदही झाली.

घरी आल्यावर तीच खिडकी उघडून खालच्या ओळी वाचल्या. डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी 128 एमबी. बाकी सगळी शेअर्ड सिस्टम मेमरी. म्हणजे वेगळं कार्ड नाहीच. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स गरज पडेल तशी रॅममधून मेमरी उसनी घेतं, आणि विंडोज त्यासाठी साधारण निम्मी रॅम मोजून दाखवतं. 16 ची निम्मी आठ. या आठाला त्याने 'आठ जीबीचं कार्ड' म्हटलं होतं. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानणार नाही, कारण बोट अगदी नेमक्या ओळीवर होतं.

प्रोसेसर निघाला आय7-6600यू. 2015 चा, दोनच कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग). की-बोर्डखाली, तळहात टेकतो तिथे, मात्र आठव्या पिढीचा चकचकीत स्टिकर होता. असे स्टिकर सुटे मिळतात. याला मी निव्वळ लबाडी म्हणते. पिढी लपवणं वेगळं आणि खोटी पिढी चिकटवणं वेगळं.

याचा फटका कुठे बसतो ते सांगते. हल्ली 4के सिनेमांच्या बऱ्याच फाइल 10-बिट एचईव्हीसी प्रकारच्या (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत) असतात. त्या उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये सातव्या पिढीपासून आली. आमच्या लॅपटॉपवर तो भार प्रोसेसरवर पडायचा. चित्र अडखळायचं, आवाज पुढे जायचा, पंखा घोंघावत राहायचा. मुलांचा गेम तर सगळ्यात खालच्या सेटिंगवरही धड चालेना. मुलं हिरमुसली, आणि मला खरा राग त्याचा आला.

विंडोज 11 चीही तीच गत. इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्ट ते साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालवते. जुन्या मशीनवर तपासणी चुकवून बसवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून जुना माल असा मुलामा देऊन खपवला जातोय. बॅटरीचं तर विचारूच नका. दुकानात चार्जर एकदाही काढला नव्हता.

तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, "बिलावर बघा ताई, काय लिहिलंय." बिलावर फक्त 'लॅपटॉप, एक नग' होतं. नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

म्हणून कळकळीने सांगते, प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागा. 6600 म्हणजे सहावी पिढी, 8250 म्हणजे आठवी, 1135 म्हणजे अकरावी. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह 8250यू चार कोअरचा आहे, आमच्या 'आय-सेव्हन'पेक्षा कितीतरी सरस. सिनेमे आणि हलके गेम एवढंच हवं असेल तर माझं मत अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह शोधावा असं आहे. ग्राफिक्स बरंच सुधारलंय आणि एव्ही1 या आणखी नव्या पद्धतीचे व्हिडिओही चालतात. रॅमची एकच पट्टी असेल तर दोन करून घ्या, अशा ग्राफिक्सला त्याने चांगला फरक पडतो. नवा लॅपटॉप घेतानाही नाव वाचा: एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या 7520यू आणि 7530यू या प्रोसेसरमध्ये दहाचाच फरक दिसतो, पण पहिल्याची रचना जुनी झेन 2 आहे, दुसऱ्याची झेन 3.

बघायला जाताना आपल्याच पेनड्राइव्हवर 4के सिनेमाची फाइल न्या आणि चार्जर काढून चालवा. विंडोजच्या पॉवरसीएफजी (powercfg /batteryreport) या कमांडने बॅटरीचा रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता त्यात दिसते. प्रोसेसरचा नंबर, रॅम, ग्राफिक्स कार्डचं नाव, सिरियल नंबर हे सगळं पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या. विक्रेता 'एवढं कुणी लिहून देत नाही' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.