वेलक्रो की नाडी? शाळेच्या बुटांचा आमच्या घरातला निकाल

जून उजाडला की दादरच्या बुटांच्या दुकानांत पालकांची झुंबड उडते आणि पायाचा नंबर ठरला की विक्रेता हमखास विचारतो, "पट्टीचे दाखवू की नाडीचे?" मुलगा पहिलीत गेला तेव्हा फारसा विचार न करता मी पट्टीचे, म्हणजे वेलक्रोचे, बूट घेतले, दुसरीतही तेच घेतले आणि तिसरीत नाडीवर आलो. यंदा धाकटी पहिलीत जाणार असल्याने तोच प्रश्न पुन्हा समोर आला आहे. ज्यांच्या शाळेत पावसाळ्यात प्लास्टिकच्या सँडल चालतात, त्यांचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. आमच्या शाळेत मात्र काळे बंद बूट बारमाही आहेत.

वेलक्रोच्या बाजूने बोलायचे तर त्याची सोय निर्विवाद आहे. सकाळी पावणेसातला नाक्यावर स्कूलबस उभी असताना सहा वर्षांचे मूल स्वतःच पट्ट्या दाबून मोकळे होते, याचे मोल ज्या घरात दोघेही नोकरी करतात त्यांना वेगळे सांगायला नको. नाडी बांधण्याचे कौशल्य साधारण सहाव्या-सातव्या वर्षी हाताशी येते आणि तोवर सुरगाठीच्या जागी निरगाठ बसून ती दातांनी सोडवण्याचे प्रसंग येतात. रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर किंवा मॉलच्या सरकत्या जिन्यावर सुटलेली नाडी घेऊन चालणारे मूल पाहिले की माझ्याही काळजात धस्स होते, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

माझे मत फिरले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. वेलक्रोची कल्पना स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल याला १९४१ साली सुचली, ती आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडे पाहून. असे ज्याचे मूळ, ते केस आणि धागे पकडणारच! शिवाजी पार्कची लाल माती, मोज्यांचे तंतू, दप्तराच्या अस्तराचे धागे, घरातले लांब केस हे सगळे त्या बारीक आकड्यांत जाऊन बसते आणि त्यावर पावसाचे पाणी पडले की त्याचा नमद्यासारखा थर होतो. दोन वर्षे दर रविवारी मी गॅलरीत बसून सेफ्टी पिनने तो थर उचकटत होतो आणि जुन्या टूथब्रशने पट्टी घासत होतो. एवढे करूनही गणपतीच्या सुमारास पकड सैल पडायची आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बूट पायात असताना पट्टी जिभेसारखी बाहेर लोंबायची. एकदा स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर नवी पट्टी शिवून घेतली. काम सुबक झाले, पण शिवणीच्या छिद्रांतून पाणी आत येऊ लागले. कदाचित आमच्या वाट्याला हलकी जोडी आली असेल. महागड्या बुटांची पट्टी अधिक टिकत असेलही.

दुसरा मुद्दा वाढत्या पायाचा. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर असतो. पण पहिले काही महिने तेवढी मोकळी जागाही पायाला जाणवते. "पाय वाढतोय, एक नंबर मोठाच घे," हा आजीचा सल्ला बहुतेक घरांत आजही पाळला जातो. तो पूर्णपणे योग्य नसला, तरी मुंबईच्या खर्चात समजण्यासारखा आहे. अशा किंचित मोठ्या बुटात नाडी पाऊल मागे, टाचेकडे धरून ठेवते, कारण ती चार-पाच ठिकाणी हवी तेवढी आवळता येते. पट्टी एक-दोन जागीच आवळते. ती सैल झाली की पाऊल पुढे घसरते आणि अंगठा बुटाच्या टोकाला आपटत राहतो. मुलाच्या अंगठ्याचे नख काळेनिळे झाले तेव्हा मी आधी बूट लहान झाले असे समजलो होतो! शिवाय ज्या मुलांचे पाऊल वरून उंच असते त्यांना पट्टी पुरी पोहोचत नाही आणि वर्ष सरता सरता तिचे जेमतेम टोक तेवढे चिकटते. नाडी मात्र त्या उंचवट्याप्रमाणे सैल करता येते.

मूल पाच-सहा वर्षांचे असेल आणि सकाळची घाई जीवघेणी असेल, तर वेलक्रोला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त दिवाळीनंतर दुसरी जोडी लागू शकते, हे गृहीत धरावे. त्याहून मोठ्या मुलासाठी मी नाडीकडेच झुकेन. नाडी तुटली तर स्टेशनबाहेर किरकोळ पैशांत नवी मिळते आणि बूट पायाला लहान होईपर्यंत चालतात. बुटांसोबत येणाऱ्या गोल, गुळगुळीत नाड्या मात्र मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नाहीत, म्हणून आम्ही त्या पहिल्याच दिवशी काढून चपट्या सुती नाड्या ओवतो. धाकटीच्या बुटांचा निर्णय अजून झालेला नाही; सध्या ती स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या पायाला नाडी बांधून सराव करते आणि तीनपैकी दोन गाठी आता तरी ओढल्यावर सुटतात.